रेप्लिका फ्लाइट जॅकेट विकताय? जाहिरातीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगतो, मी जॅकेट शिवत नाही, मी घेणारा माणूस. बारा-तेरा वर्षं दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या लेदर जॅकेटच्या हुबेहूब प्रती घेतोय, त्यातली चार कपाटात आहेत आणि दर पावसाळ्यात चारहींवर बुरशी येते. मधे दोन-तीन छोट्या मेकर लोकांना जाहिरातीचा मजकूर लिहून दिला, तेव्हापासून तेच तेच प्रश्न फोनवर येतात. म्हटलं एकदाच लिहून टाकावं.

"रेप्लिका" म्हणायचं का? लोकांना डुप्लिकेट वाटेल ना.

म्हणायचंच. हे गिऱ्हाईक वेगळं आहे. त्याला माहितीये की १९४२ चं ओरिजिनल जॅकेट एकतर परवडत नाही, नाहीतर अंगात शिरत नाही, आणि शिरलं तरी ऐंशी वर्षांचं चामडं बाही वाकवली की तडकतं. म्हणून तो नवीन बनवलेलं शोधतोय. त्याला "ऑथेंटिक", "ओरिजिनल स्टाइल", "व्हिंटेज फील" असले गोलमाल शब्द दिसले की तो समजतो की ह्या माणसाला काहीतरी लपवायचंय. सरळ लिहा, "हे आम्ही २०२५ मध्ये शिवलेलं, अमुक जॅकेटवरून बनवलेलं रिप्रॉडक्शन आहे." डुप्लिकेट आणि रेप्लिका ह्यात फरक एवढाच की एकात बनवणारा स्वतःचं नाव सांगतो.

"बॉम्बर जॅकेट" लिहिलं की सर्चमध्ये वर येतं. मग काय हरकत आहे?

टॅगमध्ये लिहा, मथळ्यात नको. ए-२ हे अमेरिकी आर्मी एअर कोअरचं जॅकेट, १९३१ मध्ये मंजूर झालं, पातळसर चामड्याचं, शर्टासारखी कॉलर, कंबरेला आणि मनगटाला विणलेली पट्टी. खऱ्या अर्थाने बॉम्बरवाल्यांचं म्हणायचं तर बी-३, म्हणजे १९३४ पासूनचं ते जाडजूड मेंढीच्या कातड्याचं, आत लोकर तशीच ठेवलेली, कारण त्या विमानांत केबिन गरम नसायची आणि वर थंडी जीवघेणी. ब्रिटिशांचं तसलंच ते अर्विन. आणि अमेरिकी नौदलाचं ते बकरीच्या चामड्याचं, लोकरी कॉलरवालं, पाठीला खांद्यापाशी घडी असलेलं, ते जी-१. ही चारही जॅकेट "बॉम्बर" ह्या एका शब्दात कोंबलीत तर शोधणारा येईल खरा, पण दोन सेकंदांत पळून जाईल.

मी स्वतः एकदा "ए-२ बॉम्बर" म्हणून मागवलं आणि आलं काय तर बाजूला हात घालायचे खिसे, आतून रजईसारखं अस्तर, आणि कॉलरला खोटी लोकर. परत पाठवायचा कुरिअर खर्च माझ्या बोकांडी. युद्धकाळातल्या ए-२ ला बाजूचे खिसे नसतातच हो! १९८८ मध्ये अमेरिकी हवाई दलाने ए-२ पुन्हा सुरू केलं, बकरीच्या चामड्यात, त्याला नंतरच्या काळात बाजूचे खिसे आले. तुम्ही ते बनवत असाल तर तसं सांगा, त्यालाही गिऱ्हाईक आहे.

मग नुसतं "ए-२" लिहिलं की झालं ना?

नाही झालं, आणि सगळी मजा इथेच आहे. ए-२ एका कंपनीने बनवलंच नाही. सरकारने ड्रॉइंग दिलं, ३०-१४१५ नंबरचं, आणि कंत्राटं वाटली: पेनसिल्व्हेनियाची रफ वेअर, न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावची एअरो लेदर, शिकागोची डुबो, बॉस्टनची केबल रेनकोट (हो, रेनकोटवाले!), शिवाय पेरी, वर्बर, डोनिगर, स्टार, ब्रॉन्को, अशी मोठी यादी. प्रत्येकाने आपापला पॅटर्न कापला. त्यामुळे कुणाची कॉलर टोकदार, कुणाची गोलसर, कुणाच्या कॉलरला खाली वेगळी पट्टी जोडलेली तर कुणाची थेट शिवलेली, खिशाच्या झाकणाचा आकार वेगळा, विणलेल्या पट्टीचा रंग वेगळा. एकाच कंपनीच्या दोन ऑर्डरमध्येसुद्धा फरक. जुने शौकीन म्हणूनच "रफ वेअर २७७५२" किंवा "एअरो १८७७५" असं बोलतात, आपण एखाद्या घराण्याची गायकी ओळखावी तसं.

आता तुम्ही जाहिरातीत लिहिलंत "डब्ल्यूडब्ल्यू टू ए-२ जॅकेट", तर त्याला काहीच कळत नाही. तेच "रफ वेअरच्या २७७५२ ऑर्डरवरून, आमच्याकडच्या साइझ ४० च्या ओरिजिनलवरून पॅटर्न काढलाय" असं एक वाक्य लिहिलंत तर वाचणारा खुर्चीत पुढे सरकून बसतो. ओरिजिनल तुमच्याकडे नसेल, फोटोंवरून पॅटर्न काढला असेल, तर तेच लिहा. आणि कुठल्याच एका कंत्राटाची नक्कल नसेल, चार ठिकाणचं चांगलं घेऊन बनवलं असेल, तर "ए-२ वर बेतलेलं आमचं स्वतःचं डिझाइन" म्हणा. त्यात कमीपणा काही नाही. कमीपणा आहे तो लोकांनी कॉलर बघून ओळखल्यावर.

चामड्याबद्दल किती लिहायचं?

जेवढं टॅनरीच्या बिलावर आहे तेवढं सगळं. प्राणी कुठला, कमावलंय कसं (झाडाच्या सालीच्या अर्काने, क्रोमने, की दोन्ही), जाडी किती मिलिमीटर, रंग आरपार चढलाय की वरच्या वर, वर पॉलिशचा थर आहे का, आणि टॅनरी कुठल्या गावची.

"जेन्युइन लेदर" हे शब्द मात्र काढूनच टाका. त्याचा अर्थ फक्त एवढाच होतो की हे रेक्झिन नाही. पाचशे रुपयांच्या पट्ट्यावरही तेच छापलेलं असतं.

युद्धातले बरेचसे ए-२ घोड्याच्या चामड्याचे होते, काही बकरीच्या. घोड्याचं चामडं घट्ट, चकचकीत, सुरुवातीला पुठ्ठ्यासारखं कडक, आणि वर्ष-दोन वर्षं घातलं की कोपरापाशी अशा काही सुरकुत्या पडतात की माणूस त्यासाठीच पैसे मोजतो. बकरीचं चामडं दाणेदार, पहिल्या दिवसापासून मऊ, आणि वजनाच्या मानाने भलतंच टिकाऊ. हे दोन स्वभाव वेगळे आहेत, तर दोन्हींना "प्रीमियम सॉफ्ट लेदर" म्हणून मोकळं होऊ नका. घोड्याचं कडक असेल तर "पहिला महिना हे जॅकेट तुमच्याशी भांडेल" असं बिनधास्त लिहा, ज्याला हवंय त्याला तेच हवंय.

भारतात विकत असाल तर प्राण्याचं नाव लिहिणं आणखीनच गरजेचं, कारण इथे बऱ्याच घरांत गाईचं चालत नाही, म्हशीचं चालतं, काहींना कुठलंच चालत नाही. म्हशीचं असेल तर म्हशीचंच सांगा. "बोवाइन", म्हणजे गाय किंवा म्हैस काहीही, असा शब्द घालून दोन्ही दगडांवर पाय ठेवणारे लोक मी पाहिलेत, ते वाचून गिऱ्हाईक फोन करून विचारतंच.

घोड्याचं परवडत नाही. म्हशीच्या चामड्यावर तसाच दाणा उठवून घेतला तर?

घ्या की. फक्त "म्हशीचं, घोड्याच्या चामड्यासारखं फिनिश केलेलं" असं पूर्ण लिहा. "हॉर्सहाइड फिनिश" एवढंच लिहून पुढचं गाळलं की ती फसवणूकच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) तर बॅगा, पट्टे, बूट अशा लेदरच्या मालाबद्दल वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, १९९६ पासूनची, त्यातही हेच आहे की एका चामड्याला दुसऱ्याचं रूप दिलं असेल तर सांगायचं, चामड्याचा भुसा-चुरा चिकटवून बनवलेलं बाँडेड लेदर असेल तर तेही सांगायचं. तुमचं निम्मं गिऱ्हाईक तिकडचंच असणार, मुंबईत जॅकेट घालायचे दिवस वर्षात मोजून दहा.

फोटो मोबाइलवर काढले तर चालतील?

उत्तम चालतील, खिडकीच्या उजेडात काढा फक्त. स्टुडिओच्या पिवळ्या दिव्यात सील ब्राऊन हा गडद, जवळजवळ काळसर तपकिरी रंग रसेट म्हणजे लालसर तपकिरी दिसायला लागतो, आणि हे दोन रंग ए-२ वाल्यांसाठी दोन वेगळे धर्म आहेत. एक फोटो उन्हात, एक सावलीत, फिल्टर शून्य.

काय काय दाखवायचं? समोरून आणि मागून तर झालंच (पाठ एकसंध तुकड्याची असते, जोड दिसला की संपलं). पण खरा खरेदीदार झूम कुठे करतो माहितीये का: चेनचा स्लायडर आणि तिच्या खालच्या टोकाची पेटी, कॉलरच्या आतला हूक, खांद्यावरच्या पट्टीची शिवण, खिशाच्या झाकणाचं टोक, चेनच्या मागची वाऱ्याची पट्टी, आणि टाके. एका इंचात टाके किती ते दिसेल असा टेप लावून फोटो काढा. टॅलन ह्या अमेरिकी कंपनीची जुन्या स्टॉकमधली चेन लावली असेल तर तिचा क्लोजअप हवाच, आणि हल्ली बनवलेली असेल तर "जुन्या नमुन्याची नवी चेन" असं खाली लिहा. दोन्हींच्या किमतीत फरक असतो, घेणाऱ्याला माहीत असतं.

वापरून जुनं झालेलं जॅकेट दाखवायचा मोह सगळ्यांना होतो, कारण ते दिसतंच भारी. दाखवा, पण खाली लिहा "तीन हिवाळे वापरल्यानंतर", आणि शेजारी नवंकोरं ठेवा. नाहीतर पार्सल उघडल्यावर समोरचा म्हणतो, हे काय, शाळेच्या नव्या बुटासारखं चमकतंय.

साइझ चार्ट तर आहे आमचा, तरी लोक परत का पाठवतात?

कारण तुमचा चार्ट स्मॉल-मिडियम-लार्जचा आहे. हे जॅकेट कापलं गेलं होतं १९३०-४० च्या विशीतल्या सडपातळ पोरांसाठी, तेव्हाच्या उंच कंबरेच्या पँटवर बसेल असं. खालची विणलेली पट्टी पट्ट्यापाशी येते, कुल्ह्यावर नाही. आज लो-वेस्ट जीन्स घालणारा माणूस ते चढवून आरशात बघतो आणि त्याला वाटतं जॅकेट आखूड पाठवलं. हे जाहिरातीत आधीच सांगितलं नाहीत की परतीचा खर्च आलाच.

तर प्रत्येक साइझचं जॅकेट टेबलावर सपाट टाकायचं, इंची टेप लावायचा आणि मापं लिहायची: काखेपासून काखेपर्यंत छाती, खांदा, बाही, कॉलरखालून पाठीची लांबी, कंबरेची पट्टी न ताणता. अंगाचं माप आणि जॅकेटचं माप ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ठळक लिहा, कारण अर्धे घोटाळे तिथेच होतात. मॉडेलच्या फोटोखाली त्याची उंची, छाती आणि त्याने घातलेला साइझ. आणि मॉडेल सगळे सहा फुटी नकोत बुवा, एखादा पोट सुटलेला चाळिशीचा माणूस उभा करा. माझ्यासारखे लोकच पैसे देतात शेवटी.

सगळ्यात चांगली आयडिया मी पाहिलीये ती अशी: "तुमच्याकडचं नीट बसणारं कुठलंही जॅकेट सपाट टाकून मोजा आणि आम्हाला मापं पाठवा." हे एक वाक्य जाहिरातीत असलं की विश्वास बसतो, पुढचं सगळं सोपं.

आत जुन्या कंपनीचं लेबल, ऑर्डर नंबर, सगळं हुबेहूब छापतो आम्ही. चालेल ना?

शौकिनांना ते लेबल हवंच असतं, त्याशिवाय जॅकेट अर्धवट वाटतं. पण दोन गोष्टी सांभाळा. एक, ते नाव आज कुणाच्या मालकीचं आहे का ते वकिलाला विचारून घ्या. काही जुनी नावं नव्या लोकांनी घेतलेली आहेत, एअरो लेदर हे बीकनचं जुनं नाव आज स्कॉटलंडमधली एक कंपनी वापरते. दोन, आत कुठेतरी, खिशात किंवा अस्तराखाली, तुमचा स्वतःचा शिक्का आणि वर्ष असू द्या, न निघणारा. आणि तो आहे हे जाहिरातीत फोटोसकट दाखवा.

का? कारण तुम्ही विकलेलं जॅकेट पाच वर्षांनी तिसऱ्याच्या हातात जातं, तो ते घासून, चहा-पाणी ओतून, उन्हात टाकून "आजोबांच्या ट्रंकेत सापडलं" म्हणून दसपट भावाला विकतो. तुमचा शिक्का असला की निदान तुमचं नाव त्यात मळत नाही. जुनं दिसावं म्हणून मुद्दाम झिजवलेलं जॅकेट विकत असाल तर "कारखान्यात झिजवलेलं" असं स्पष्ट लिहा.

"यूएस एअर फोर्स, १९४२" असं पोस्टरवर टाकलंय. बरोबर आहे ना?

अरे देवा. यूएस एअर फोर्स हे स्वतंत्र दल झालं १८ सप्टेंबर १९४७ ला. त्याआधी जून १९४१ पासून आर्मी एअर फोर्सेस, आणि त्याआधी एअर कोअर. गंमत म्हणजे काही ओरिजिनल लेबलांवर "एअर फोर्स, यू. एस. आर्मी" असंही छापलेलं आहे, त्यामुळे लेबलवर जे होतं ते लेबलवर तसंच ठेवा आणि पोस्टरवर तुमच्या मनाने काही टाकू नका. तसंच १९४३ मध्ये लष्कर कापडी जॅकेटकडे वळलं, बी-१० वगैरे, त्यामुळे "१९४५ चं नवं ए-२ मॉडेल" असं लिहिणारे उघडे पडतात. अशी एक चूक सापडली ना, की वाचणारा तुमच्या चामड्यावरही विश्वास ठेवत नाही.

अमुक वैमानिकाने, तमुक हॉलिवूड नटाने घातलेलं जॅकेट, असं लिहिलं तर खप वाढेल का?

वाढेलही, आणि नोटीसही येईल. नट हयात नसला तरी अमेरिकेतल्या काही राज्यांत त्याच्या नावाचा धंद्यासाठी वापर वारसांना विचारल्याशिवाय करता येत नाही. सैन्याच्या बोधचिन्हांचंही तसंच, तिकडच्या दलांनी ती ट्रेडमार्क म्हणून सांभाळलेली आहेत, परवाना लागतो. "लष्कराला पुरवठा करणारे" असं तर चुकूनही लिहू नका, खरंच करत असाल तर कंत्राट दाखवा.

पाठीवर चित्रं काढलेली जॅकेट विकतो. त्याची जाहिरात कशी करायची?

पाठीवर रंगवलेले ते छोटे बॉम्ब मोजायचे असतात, एक बॉम्ब म्हणजे एक मोहीम. इंग्लंडमधून उडणाऱ्या अमेरिकी बॉम्बरवाल्यांची त्या काळात २५ मोहिमा झाल्या की सुटका व्हायची, मेम्फिस बेल नावाच्या बी-१७ बॉम्बर विमानाच्या लोकांनी मे १९४३ मध्ये त्या पुऱ्या केल्या. कितीतरी जणांच्या पाठीवर पाच-सहाच बॉम्ब राहिले, कारण सातव्याला ते परतलेच नाहीत. म्हणून कुणा खऱ्या माणसाच्या जॅकेटची नक्कल करत असाल तर तो कोण, कुठल्या तुकडीचा, ते शोधून लिहा, आणि "कूल ग्राफिक" म्हणू नका. काल्पनिक चित्र असेल तर काल्पनिक म्हणा.

आपल्याकडची खरी गोष्ट सांगायची असेल तर एक आहे, आणि ती फारच कमी लोक वापरतात. दुसऱ्या महायुद्धातली चायना-बर्मा-इंडिया ही युद्धआघाडी. आसामातल्या चबुआ, दिंजनसारख्या तळांवरून अमेरिकी विमानं हिमालयाच्या सोंडा ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला माल न्यायची. त्या लोकांच्या बाहीवरच्या ढालीत एका बाजूला चीनचा सूर्य आणि दुसऱ्या बाजूला भारताचा तारा असायचा, आणि त्यातले कितीतरी बिल्ले भारतातल्याच कारागिरांनी जरीत, चामड्यात बनवलेले. इथला मेकर तो बिल्ला हाताने बनवत असेल तर ह्याहून चांगली जाहिरात कुठली? पण "आमच्या पणजोबांनी अमेरिकन पायलटला शिवून दिलं होतं" हे बिल किंवा फोटो असेल तरच.

आमच्या जॅकेटमध्ये ओरिजिनलपेक्षा काही गोष्टी वेगळ्या आहेत. ते सांगायचं की गप्प बसायचं?

सांगायचं, वेगळी यादी करून. "बाही अर्धा इंच लांब ठेवली, धागा सुती ऐवजी पॉलिस्टर कारण सुती कुजतो, आतला खिसा आम्ही घातलाय, मोबाइलसाठी." मी ज्या एका छोट्या वर्कशॉपसाठी मजकूर लिहिला त्याचे मालक ह्या यादीला घाबरत होते. दादा म्हणाले, "आपणच आपल्या चुका सांगायच्या?" मी म्हटलं चुका नाहीत, निर्णय आहेत, आणि प्रत्येकाचं कारण लिहू. नंतर येणाऱ्या फोनांमध्ये लोक तीच यादी वाचून दाखवायचे आणि विचारायचे, आतला खिसा नसलेलं मिळेल का? म्हणजे खिसा न घालण्याचेही ऑर्डर आले.

रिव्ह्यू आणि रील्सचं काय?

फुकट जॅकेट देऊन रील करून घेतली तर त्यावर तसं लिहिलं पाहिजे, जाहिरात म्हणून. आपल्याकडे एएससीआयने (जाहिरात क्षेत्राने स्वतःवर नजर ठेवायला काढलेली संस्था) २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम काढलेत. भाच्याकडून पाच स्टार टाकून घेणं बंद करा, "व्हेरी नाइस प्रॉडक्ट" वाचून कुणी तीस हजार देत नाही. त्यापेक्षा "बाही सैल वाटली, त्यांनी बदलून दिली" असा तीन स्टारचा रिव्ह्यू जास्त माल विकतो.

कायद्याचं लचांड कितपत आहे?

भारतात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. जून २०२२ मध्ये त्यावर वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यातली तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे खुलासा ज्या भाषेत दावा आहे त्याच भाषेत हवा, त्याच अक्षरात, मुंगीच्या पायाएवढा नको. ऑनलाइन विकताना माल कुठल्या देशात बनला तेही लिहावं लागतं. जॅकेट पाकिस्तानातल्या सियालकोटात किंवा चीनमध्ये शिवून घेऊन "अमेरिकन हेरिटेज" म्हणून झेंडा लावणारे आहेत, तिकडे "मेड इन यूएसए" म्हणायला जवळजवळ सगळंच अमेरिकेत झालेलं लागतं. धारावीत शिवलं असेल तर धारावी लिहा हो, जगाला ते नाव माहीत आहे.

किंमत टाकायची की "डीएम फॉर प्राइस"?

टाकायची. टॅक्स धरून, कुरिअर वेगळं असेल तर वेगळं, आणि परदेशी गिऱ्हाईकाला कस्टम ड्यूटी कोण भरणार ते. शिवाय किती आठवडे लागतील, अ‍ॅडव्हान्स किती, आणि मापावर शिवलेलं परत घेता की नाही. चार आठवडे म्हणून चौदा लावू नका, चौदा म्हणून बारात द्या.

जॅकेटची निगा कशी राखायची हे जाहिरातीत कशाला?

कारण जुलै येतो. कोकणात, मुंबईत, पुण्यातसुद्धा बंद कपाटात चामड्यावर पांढरी बुरशी धरते आणि गिऱ्हाईक समजतं माल खराब दिला. दोन ओळी पुरतात: प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, जाड हँगर वापरा, पावसाळ्यात पंधरवड्याने बाहेर काढून पंख्याखाली टांगा, बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात टाकू नका, आणि दर वर्षी तेल चोपडायची गरज नाही. "वॉटरप्रूफ" हा शब्द मात्र नको, कारण ते नाहीये, आणि चेनमधून पाणी आत आलं की पहिला फोन तुम्हालाच येणार.

माझं जॅकेट कोणत्या ओरिजिनलवरून बनवलंय हे मलाच नीट माहीत नाही, पॅटर्न मास्तरांकडून आलाय. आता?

मास्तरांना विचारा त्यांनी कशावरून काढला. त्यांनाही माहीत नसेल तर कॉलर, खिसे आणि खांद्याच्या पट्टीचे फोटो काढून ओरिजिनलच्या फोटोंशेजारी ठेवून बघा, एक दुपार पुरते. काहीच जुळलं नाही तर वर लिहिलंय तेच करा, "ए-२ वर बेतलेलं" म्हणून विका, आणि पुढचा पॅटर्न काढताना वहीत लिहून ठेवा कशावरून काढला ते.